घरच्या घरी अभंग रेकॉर्ड केलेत, मिक्सिंगला रीपरमधले सोबत आलेले इफेक्ट पुरतात का?

मृदंग_परभणी

राम कृष्ण हरी मंडळी. गोदावरीच्या काठाला, परभणी जिल्ह्यात आमचं गाव, गावात जुनं भजनी मंडळ हाय. वडील त्यात गातात अन मी मृदंग वाजवतो. वडिलांचं वय व्हायलंय पण आवाज अजून खणखणीत हाय, तोवर त्यांचे अभंग अन गौळणी नीट रेकॉर्ड करून ठेवायच्यात, मोबाईलवर नको, जरा कामाचं. त्यासाठी दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस घेतला अन एक कंडेन्सर माईक, मंडळाचा स्टेजवाला डायनॅमिक माईक होताच. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, रेकॉर्डिंग अन मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर.

रेकॉर्डिंग असं केलं की वडील स्वतः पेटी वाजवत गातात, त्यांना पेटी वेगळी अन गाणं वेगळं असं सांगायची माझी इच्छा नाई, त्यात भावच जातो, म्हणून कंडेन्सर तोंडासमोर आणि डायनॅमिक पेटीच्या मागून, दोन्ही एकदम. टाळकरी दोघं त्याच खोलीत, कारण टाळ कानावर असल्याशिवाय वडिलांना चाल धरता येत नाई. मृदंग मी नंतर हेडफोन लावून टाकला आणि धृपद धरणाऱ्यांचा कोरस त्याच्या नंतर.

आता खरी अडचण. वडील काही ओळी एकदम हळू म्हणतात अन वरच्या सुरात गेले की दणकून, म्हणून व्होकलवाल्या प्रीसेटचा कॉम्प्रेसर लावला तर ओळ संपली की टाळ अंगावर यायलाय, छण्ण करून. मागं एक बारीक घूं चालू हाय, त्यात कूलरचा आवाज पण आलाय, उन्हाळ्यात दुपारी कूलर बंद ठेवला तर म्हातारी माणसं बसणार कशी. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, प्रत्येक ट्रॅकला टाकून बघितला तर सगळं मंडळ विहिरीत बसून गायल्यासारखं वाटायलंय.

शहरातल्या एका स्टुडिओवाल्यानं सांगितलं की सॉफ्टवेअरसोबत येणारे प्लगइन (हेच इफेक्ट) म्हणजे खेळणी, त्यात काही होत नाई, चांगला पॅक विकत घ्या. किंमत ऐकून गप्प बसलो. एक मित्र म्हणतो टेलिग्रामवर सगळं क्रॅक केलेलं मिळतं, उद्या टाकून देतो. तर जाणकारांनी सांगावं, सोबतच्यातच भागतं का, आणि भागत असेल तर कुठं काय अन कशाच्या आधी काय लावू.


काळी_एक_लातूर

दादा, सगळ्यात आधी मित्राला नको म्हणा. क्रॅकच्या फायलीतून काय लॅपटॉपमध्ये शिरेल त्याचा नेम नाई आणि त्याच लॅपटॉपमध्ये तुमच्या वडिलांचं रेकॉर्डिंग हाय. विकतचं पण आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या एकाही अडचणीचं कारण प्लगइन नाई.

रीपरसोबतचे रियाईक्यू (आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करणारा), रियाकॉम्प (कॉम्प्रेसर), रियागेट (हळू आवाज आला की बंद होणारा), रियाव्हर्बेट (रिव्हर्ब) हे दिसायला रुक्ष हायेत, सुई हलणारे मीटर नाईत, चकचकीत बटणं नाईत, तेवढ्यावरून लोक त्यांना खेळणी म्हणतात. पण २५० हर्ट्झला ३ डीबी कमी करा म्हटलं तर रियाईक्यू तेवढंच अन तिथंच कमी करतो, महागड्यातला महागडा साधा डिजिटल ईक्यू पण त्याहून वेगळं काही करत नाई. फरक हाय तो जुन्या मशीनीचा रंग चढवायचा असतो तिथं, रिव्हर्बच्या बारकाईत, आवाज स्वच्छ करण्याच्या नव्या साधनांत. तो फरक खरा हाय, मी नाकारत नाई, पण टाळ गळ्यावर चढलेला असताना रंग चढवून काय उपयोग. रीपरच्या मागं जस्टिन फ्रँकेल हाय, विनॅम्प बनवणारा, नेट कॅफेच्या काळातल्या सगळ्यांना आठवत असेल, हलकं अन कामाचं सॉफ्टवेअर लिहायची त्याची जुनी सवय हाय अन हे प्लगइन तसेच हायेत, जुन्या लॅपटॉपवर पन्नास लावले तरी धापा टाकत नाईत.

आता टाळ. वडिलांच्या माईकात टाळ घुसलेला हाय, तो आता वेगळा निघणार नाई, हे धरूनच चाला. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मेकअप गेननं सगळंच वर उचलतो. वडील गात असतात तोवर दाब चालू, त्यांनी श्वास घेतला की दाब सुटतो अन त्या फटीतून टाळ वर येतो. दुसरं असं की टाळाचा ठोका लै टोकदार असतो, तो स्वतःच थ्रेशोल्ड, म्हणजे दाब सुरू व्हायची पातळी, ओलांडतो आणि त्या ठोक्याला वडिलांचा आवाज खाली जातो. म्हणजे आवाज कधी दबायचा ते टाळ ठरवायलाय.

याच्यावर रियाकॉम्पमध्येच उपाय हाय आणि तो प्रीसेटात सापडत नाई. रियाकॉम्पच्या खिडकीत लोपास (वरचं कापणारा) अन हायपास (खालचं कापणारा) असे दोन स्लायडर हायेत, ते तुमच्या आवाजाला हात लावत नाईत, कॉम्प्रेसर जे ऐकून निर्णय घेतो त्या ऐकण्याला लावलेली ती गाळणी हाय. प्रिव्ह्यू फिल्टरवर टिक करा, मग कॉम्प्रेसरला काय ऐकू येतंय ते तुम्हाला ऐकू येईल. लोपास खाली आणत जा, साधारण अडीच हजार हर्ट्झच्या आसपास टाळ जवळपास गायब होतो अन वडील राहतात, तिथं थांबा. टिक काढा. आता कॉम्प्रेसर टाळाला फारसा भीक घालणार नाई. रेशो (दाबायचं प्रमाण) ३ ला १ पेक्षा जास्त नको, अटॅक (दाब धरायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) १५० ते २००, आणि थ्रेशोल्ड असा ठेवा की सगळ्यात जोरकस ओळीला मीटर ४-५ डीबी दाबलेलं दाखवेल, हळू ओळींना काहीच नाई. ऑटो मेकअप बंद.

पण त्याच्याही आधी एक काम हाताने करायचं, आणि तेच खरं काम हाय. हळू ओळ अन दणकून ओळ यातलं अंतर कॉम्प्रेसरवर सोडू नका. रेकॉर्डिंगचा तुकडा ओळीओळीला कापा आणि हळू ओळीच्या तुकड्याचा व्हॉल्यूम ३-४ डीबी वर घ्या, दणक्याच्या ओळीचा २-३ खाली. फेडर हलवून हे होत नाई, कारण रीपरमध्ये ट्रॅकचा फेडर इफेक्टच्या नंतर येतो, तुकड्याचा व्हॉल्यूम इफेक्टच्या आधी येतो, म्हणून कॉम्प्रेसरला आधीच सपाट केलेला माल मिळतो अन त्याला कष्ट पडत नाईत. वेळ जातो याला, पण ओळ न ओळ कानाखालून जाते, कुठं शब्द गिळलाय, कुठं ठसका हाय, सगळं कळतं.

ईक्यू लावताना एक हिशोब डोक्यात ठेवा. वडील कोणत्या पट्टीत गातात ते लिहिलं नाई तुम्ही. समजा काळी एक. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, त्याच्या खालचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. म्हणजे त्यांच्या आवाजात ९० च्या खाली कामाचं काहीच नाई, तिथं फक्त फरशीवरचा धक्का, पेटीचा भाता अन हवा हाय. रियाईक्यूमधला पहिला बँड हायपास करा अन ८० ते ९० वर ठेवा. नेटवर कुणी १५० लिहिलेलं असतं, ते पुरुषी आवाजाला काळी एकमध्ये लावलं तर मंद्रातला अख्खा पंचमच बारीक होईल. बाईचा आवाज काळी पाचमध्ये असेल तर तिथं खालचा पंचम १७५ ला येतो, मग १३० पर्यंत बिनधास्त जा. पट्टी बघून ईक्यू लावायचा.

पुढच्या टायमाला बसवायची जागा बदला. साधा कंडेन्सर समोरून ऐकतो, पाठीमागून सगळ्यात कमी. टाळकरी वडिलांच्या समोर, माईकच्या बरोबर पाठीशी बसवा. त्यांना एकमेकांचे चेहरे पण दिसतील अन टाळ निम्म्यानं तरी कमी घुसेल.


मृदंग_परभणी

माऊली, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. काळी एकच हाय, बरोबर ओळखलं. आज रात्रीच बसतो. फिल्टरच्या त्या दोन स्लायडरला मी आवाजाचाच ईक्यू समजायलो होतो.

एक विचारू का, मधल्या फटीत टाळ नको म्हणून रियागेट लावला तर?


काळी_एक_लातूर

नको. गेट उघडा असताना टाळ वडिलांसोबत येणार अन बंद झाला की गायब, म्हणजे टाळ मधूनच तुटेल, ते आताच्यापेक्षा वाईट लागतं कानाला. गेट तुमच्या मृदंगाला पण नको, त्याची आस, म्हणजे मागं रेंगाळणारा नाद, कापली जाते. तो कोरसच्या ट्रॅकला चालेल, तिथं दोन ओळींच्या मधे खोकला अन कुजबुज असते.


ओवीची_नात

मी नांदेडची. आजीच्या अन तिच्या सोबतच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करूलाले मी, त्यामुळं घूं आणि कूलर या दोन्हीत माझा हात बसलेला आहे. दादांनी टाळाचं सांगितलं ते एकदम बरोबर. मी आवाजामागच्या आवाजाचं सांगते.

आधी घूं. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूं ५० वर असते आणि तिची पिल्लं १००, १५०, २०० अशी वर चढत जातात. लॅपटॉपचा चार्जर काढा अन बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, पुष्कळदा घूं तिथंच मरते. खेड्यातल्या घरांना अर्थिंग धड नसतं, इन्व्हर्टरवर घर चालू असलं की तो पण गुणगुणतो. माझं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग लाईट गेल्यावरचं आहे, खरं सांगते. पंखा बंद, कूलर बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्ही बंद, शेताकडची मोटार बंद. आजी म्हणायची थांब लाईट येऊ दे, मी म्हणायचे नको, आत्ताच म्हण. लॅपटॉप अन इंटरफेस बॅटरीवर तासभर तरी निघतात.

झालेल्या रेकॉर्डिंगमधली घूं काढायची तर ५० चं काम ईक्यूतल्या हायपासनं होतं, पण १०० ला हात लावताना जपून. वर दादांनी सांगितलं ना पंचम १०४ ला येतो, तर १०० वर रुंद कट मारला की घूंसोबत वडिलांचा पंचम पण जातो. बँडविड्थ एकदम अरुंद, ०.१ पर्यंत आणा, तरी थोडं खाल्लं जातंच. १५० वर पण तेच, तिथं शेजारी कोमल रिषभ आहे. मी १०० वर ६ डीबीच्या पुढं जात नाही, थोडी घूं राहिली तर राहू देते.

कूलरसाठी सोबतचाच रियाएफआयआर. मोडमध्ये सबट्रॅक्ट निवडा, खाली ऑटोमॅटिक नॉइज प्रोफाईल बनवायची टिक आहे ती लावा, आणि फक्त कूलर ऐकू येतो असा तुकडा वाजवा, सुरुवातीचा, कुणी गायला लागायच्या आधीचा. दोन-तीन सेकंद पुरतात. मग टिक काढायची आठवणीनं, नाहीतर तो वडिलांचा आवाज पण कूलर समजून शिकत बसतो अन तो पण कापायला लागतो. एफएफटी साईझ ४०९६ वर ठेवते मी. रियाएफआयआर साखळीत सगळ्यात पहिला पाहिजे, कॉम्प्रेसरच्या आधी, कारण कॉम्प्रेसरनंतर कूलरची पातळी खालीवर होत राहते आणि शिकलेली प्रोफाईल जुळत नाही.

आणि पूर्ण काढू नका. शिकलेली रेघ थोडी खाली ओढली की तो कमी कापतो, तेवढंच बरं. जास्त कापलं की आवाज पोकळ होतो अन टाळाची शेवटची झणझण तुटक तुटक ऐकू येते. पेटी आणि मृदंग वाजायला लागले की उरलेला कूलर झाकला जातो, आख्खं मिक्स लावूनच ठरवायचं, एकटा ट्रॅक सोलो करून नाही. इथून पुढं प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांना दहा सेकंद गप्प बसवा अन ती शांतता पण रेकॉर्ड करा, मंडळातल्या लोकांना एकदा सांगितलं की ते आपणहून करतात.

आणखी एक, खोलीचं. घरात कापूस भरून ठेवलेला असतो का तुमच्याकडं? दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत असतो ना सगळेच. कापसाचा ढीग असलेली खोली म्हणजे फुकटचा स्टुडिओ, भिंतीचा घुमारा राहतच नाही. फक्त म्हाताऱ्या माणसांना त्यात फार वेळ बसवू नका, साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. नाहीतर पत्र्याच्या खोलीत माईकच्या मागं अन गाणाऱ्याच्या पाठीमागं गोधड्या, वाकळा टांगा.


स्टेज_ते_स्टुडिओ

संभाजीनगर. वरच्या दोघांशी सहमत, एक भर. कोरस बेसूर असेल तर रियाट्यून लावा, सोबतच येतो, सूर सरळ करतो. मी जागरण-गोंधळाच्या रेकॉर्डिंगला लावतो.


ओवीची_नात

दादा, माझा याला विरोध आहे. गोंधळाच्या ठेक्यात झाकलं जात असेल, पण अभंगात दोन गोष्टी आड येतात. एक तर रियाट्यूनचं ऑटोमॅटिक प्रत्येक स्वर जवळच्या खणात नेऊन बसवतो, आणि आपल्याकडं स्वर खणात नसतो, मींड घेत वरून खाली येतो, ती मींड पायरी पायरीनं उतरायला लागते. दुसरं म्हणजे जुनी पेटी बरोबर ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या ट्यूनिंगला असेलच असं नाही, माझ्या आजोळची तर चांगलीच चढी आहे. कोरस ४४० ला ओढला आणि पेटी तिथं नसली तर सुरात असलेली माणसं पण बेसूर होतील. कोरसमध्ये एखादा थोडा इकडंतिकडं असला म्हणूनच तो माणसांचा कोरस वाटतो.


स्टेज_ते_स्टुडिओ

पेटीचा मुद्दा मान्य. ऑटोमॅटिक न वापरता तेवढाच एखादा स्वर हाताने दुरुस्त करता येतो आणि ट्यूनिंगचा आकडा पेटीप्रमाणे बदलता येतो, पण नवख्याने त्यात पडू नये हे खरं. अभंगाला नको.

रिव्हर्बचं कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो, कारण मला त्यात फार रस आहे.

तुम्ही प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब टाकलाय, म्हणजे वडील एका हॉलमध्ये, मृदंग दुसऱ्या, कोरस तिसऱ्या. सगळे काढा. एक रिकामा ट्रॅक करा, नाव द्या मंदिर, त्यावर एकच रियाव्हर्बेट. त्यात ड्राय पूर्ण खाली, वेट शून्य डीबीवर. मग प्रत्येक ट्रॅकवरून या मंदिर ट्रॅकला सेंड (आवाज तिकडं पाठवायची वाट) काढा, कुणाचा किती ते सेंडच्या फेडरवर ठरतं. आता सगळे एकाच जागेत बसले. सीपीयू वाचतो ती वेगळीच गोष्ट.

इनिशियल डिले २५-३० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे आधी शब्द ऐकू येतो अन मग घुमणं, शब्द बुडत नाही. अभंगात शब्द गेला तर राहिलं काय. हायपास २५० च्या आसपास, नाहीतर मृदंगाची धूम रिव्हर्बमध्ये जाऊन चिखल होतो. लोपास ५ हजारापर्यंत खाली आणा, कारण टाळ वडिलांच्या माईकमधून रिव्हर्बमध्ये जाणारच आहे आणि उघडा ठेवला तर सगळीकडं टाळाची झणझण पसरते. किती ठेवायचा? मंदिर ट्रॅक म्यूट करा, चालू करा. म्यूट केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे, पण चालू असताना रिव्हर्ब लावलाय असं वाटता कामा नये.

रियाव्हर्बेटचा घुमारा जरा पत्र्यासारखा लागतो, हे मी लपवणार नाही, सोबतच्या सगळ्या प्लगइनमध्ये मला तोच सगळ्यात कमी आवडतो. पण रीपरमध्ये त्याच्या शेजारीच रियाव्हर्ब नावाचा दुसरा आहे आणि तो वेगळ्या जातीचा आहे, त्याला खऱ्या जागेचा घुमारा फाईल म्हणून देता येतो. म्हणजे तुमच्या गावच्या देवळाचा सभामंडप तुम्ही त्यात घालू शकता. पुजाऱ्याला विचारा, दुपारी देऊळ शांत असतं तेव्हा जा. कंडेन्सर अन लॅपटॉप घेऊन जा, बॅटरीवर, मंडळ जिथं बसतं तिथं माईक ठेवा, अन देवाकडं तोंड करून तीन-चार मीटरवर एक मोठा फुगा फोडा. लेव्हल आधीच बरीच कमी ठेवा, फुग्याचा बार जबरदस्त असतो, क्लिप झाला, म्हणजे आवाज फाटला, तर वाया. चार-पाच फुगे फोडा, एखादा कबुतरांच्या फडफडीत जातोच. पक्षी पुन्हा शांत बसू द्या मधे. मग घरी येऊन चांगला तुकडा निवडा, फुटायच्या क्षणापासून पुढं ठेवा, शेवट घुमारा संपतो तिथं फेड करा, वेव्ह फाईल काढा आणि रियाव्हर्बमध्ये ॲड दाबून फाईल निवडा. त्यातून वडिलांचा आवाज पाठवला की तो तुमच्याच देवळात गायला लागतो. दगडी सभामंडप असेल तर फार सुंदर येतं, आरसीसीच्या नव्या मंडपात टाईल्समुळं जरा कर्कश येतं, तेव्हा लोपास लावा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या देवळात किंवा लेण्यात हा उद्योग करू नका, गावचं देऊळ पुरे.

प्लगइन विकणारे जगभरच्या चर्चचे अन हॉलचे घुमारे देतात. आपल्या देवळाचा कुणी देणार नाही, तो आपणच घ्यायचा.


मृदंग_परभणी

मंडळी, बसलो होतो. फिल्टर लावल्यावर टाळ एकदम शहाण्यासारखा मागं जाऊन बसला. ओळी कापून समान केल्या, कॉम्प्रेसरला आता कामच कमी पडायलंय. कूलर ७० टक्के गेला म्हणा, राहिलेला मृदंग सुरू झाला की कळत नाई. देवळाचं ऐकून तर मला आजच जावं वाटायलंय, आमचं देऊळ जुनं दगडीच हाय, पुजारी काकांना विचारलंय.

आता मृदंगाचं विचारतो. हेडफोनवर धूम मस्त वाजते, पण मोबाईलवर लावलं की फक्त शाईची बाजू ऐकू येते, धुमेचा पत्ताच नाई. कणीक नीट लावली होती, डाव्या बाजूला. बास वाढवला तर मोबाईल फाटल्यासारखा करतो. अन शेवटी यूट्यूबवर टाकायचं तर आवाज किती मोठा ठेवायचा, बाकीच्यांचे व्हिडिओ माझ्यापेक्षा मोठे वाजतात.


काळी_एक_लातूर

मोबाईलच्या स्पीकरातून १००-१५० हर्ट्झच्या खालचं निघतच नाई, तिथं तुम्ही बास वाढवला की स्पीकर नुसता धडपडतो. धुमेचा मूळ सूर ऐकवता येत नसेल तर त्याच्या वरचे स्वर ऐकवायचे, कान बाकीचं समजून घेतो. इफेक्टच्या यादीत जेएस नावानं सुरू होणारे लै छोटे प्लगइन हायेत, त्यात सॅच्युरेशन (आवाजाला वरचे स्वर जोडणारं) शोधा. मृदंगाच्या ट्रॅकची एक कॉपी करा, कॉपीवर आधी रियाईक्यूनं ३०० च्या वरचं सगळं कापा म्हणजे फक्त धूम राहील, मग त्यावर सॅच्युरेशन वाढवा, मग परत एक रियाईक्यू लावून १५० च्या खालचं कापा. ही कॉपी मूळ मृदंगाच्या खाली हळूहळू मिसळा. मोबाईलवर धूम ऐकू यायला लागेल. हेडफोनवर जास्त वाटली तर एक-दोन डीबी मागं या.

मृदंगाला कॉम्प्रेसर लावणार असाल तर अटॅक २०-३० च्या खाली नेऊ नका, नाहीतर थापेचं तोंडच जातं. मला विचाराल तर लावूच नका, तुमचा हात चांगला असेल तर थाप कमीजास्त व्हायलाच पाहिजे.

मोनोमध्ये पण एकदा ऐका, मास्टरवर मोनोचं बटण हाय. तुमचे दोन माईक एकाच वेळी चालू होते, वडिलांचा आवाज पेटीच्या माईकात पण उशिरा पोचलाय, एक मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. दोन्ही मिळून आवाज पातळ वाटला तर पेटीच्या ट्रॅकवरचं फेज उलटं करायचं बटण दाबून बघा, दोन्हीतलं जे भरीव लागेल ते ठेवा.

आवाज किती मोठा याची लै काळजी करू नका. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) वरचं असेल तर आपणच खाली आणतं, पण कमी असेल तर वर नेत नाई. म्हणून उणे १४-१५ च्या आसपास पोचा अन थांबा. मास्टरवर शेवटी रियालिमिट (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा), सीलिंग उणे १, अन थ्रेशोल्ड हळू खाली आणा, दणक्याच्या ओळीला २-३ डीबीपेक्षा जास्त दाबायला लागलं की थांबा, तिथून पुढं अभंगाचा जीव जातो. आकडा बघायला जेएसमध्येच लाउडनेस मीटर हाय.

अन कोणता पण इफेक्ट ठरवताना बायपास करून बघायचा, पण दोन्ही वेळा आवाज तेवढाच मोठा ठेवून. मोठं वाजलं की चांगलंच वाटतं कुणालाही, आपल्याला पण. स्टुडिओवाल्यानं महागडा प्लगइन दाखवला असेल तर तो लावल्यावर व्हॉल्यूम वाढला होता का, ते आठवून बघा.


ओवीची_नात

माझं एक कळकळीचं सांगणं. मिक्स कितीही चांगलं झालं तरी मूळ रेकॉर्डिंग, काहीच न लावलेलं, वेव्हमध्ये दोन ठिकाणी ठेवा. रीपर मूळ फाईलला हात लावत नाही, इफेक्ट वरून वाजतात, त्यामुळं मूळ तुमच्याकडं आहेच, फक्त प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कुठं आहे ते बघून घ्या. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचं मिनिटाला साधारण ८-९ एमबी होतं, एक पेनड्राईव्ह अन एक हार्डडिस्क यात अख्खं मंडळ मावतं. फाईलच्या नावात अभंगाचं धृपद, गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, पट्टी, एवढं लिहा. दहा वर्षांनी याच्यातला कूलर एका बटणात काढणारं काहीतरी आलेलं असेल, तेव्हा मूळ फाईल लागेल. मी आजीच्या पहिल्या ओव्या परत परत साफ केल्यात, दर वेळी थोड्या बऱ्या होतात.

मंडळातल्या लोकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ केला तर त्यात दाबला जातो.


मृदंग_परभणी

पुजारी काका हो म्हणालेत, एकादशी झाली की जा म्हणाले, त्या दिवशी गर्दी असते. फुगे लहान लेकरांकडून मागून ठेवलेत. एक शेवटचं, देवळाचा घुमारा वडिलांना अन कोरसला सारखाच पाठवू का?


स्टेज_ते_स्टुडिओ

नाही, कोरसचा सेंड ४-५ डीबी जास्त ठेवा आणि त्यांचा मूळ ट्रॅक थोडा खाली, म्हणजे ते वडिलांच्या मागं बसतील. मृदंगाचा सगळ्यात कमी. आणि फुगा फोडताना माईकवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सरला लागणारी वीज) चालू आहे ना बघा, लॅपटॉप बॅटरीवर असला की काही इंटरफेसना यूएसबी हबमधून पुरेशी वीज मिळत नाही, केबल थेट लॅपटॉपला लावा.